पायडल काढायचं नाही

परतुरात सायकल चालवणारे लोक तीन प्रकारचे. शाळकरी मुली, त्यांना ती सरकारनं दिलेली असते. मधुमेह झालेले व्यापारी, त्यांना ती डॉक्टरनं दिलेली असते. आणि आमचे दाजी, त्यांना ती आमच्या वडिलांनी दिलेली आहे.

मुलींचं छान चाललंय. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्या तिघी-चौघी एका ओळीत रस्ता व्यापून निघतात आणि मागे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट भोंगा वाजवत असला, तरी गणिताच्या बाईंविषयीचं बोलणं संपल्याशिवाय बाजूला होत नाहीत. व्यापाऱ्यांचंही बरं आहे. ते पहाटे पांढरे बूट घालून बाहेर पडतात, दुकान उघडायच्या आत परततात आणि ओळखीचा कोणी भेटलाच तर मोटारसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत बोलतात. घरी गाडी आहे, हे समोरच्याला कळावं म्हणून. अडचण फक्त दाजींची होती. ते भरदिवसा, इस्त्रीच्या कपड्यांत, कामावर जायला सायकल वापरायचे.

घर परतूरला, नोकरी जालन्याला, मधे रेल्वे. परतूर जालना जिल्ह्यात आलं १ मे १९८१ ला, जिल्हाच त्या दिवशी जन्मला. त्याआधी आम्ही परभणीचे. दाजींचे एक चुलते शेवटपर्यंत ‘जिल्ह्याला जाऊन येतो’ म्हणून निघायचे आणि परभणीच्या गाडीत बसायचे. जालन्याला लोक सोन्याचा पाळणा म्हणतात. दाजी त्या पाळण्यात रोज सकाळी जाऊन संध्याकाळी झोपायला परतुरात येतात. तर घर ते स्टेशन हा त्यांचा सायकलचा प्रवास. रस्ता सरळ, चढ नाही. अंतर इतकं की पानाची गोळी तोंडात टाकली तर ती विरघळायच्या आत स्टेशन. दाजींना त्या अंतराचा त्रास कधीच नव्हता. त्रास होता तो वाटेवरच्या माणसांचा.

“राम राम साहेब. गाडी कामून नाही आणली आज?”

हा ‘आज’ फार वाईट. जणू काल आणली होती. पगारदार माणूस सायकलवर दिसला की परतूरला वाटतं, याची गाडी एकतर बिघडली असंल, नाहीतर बँकेनं ओढून नेली असंल. दाजींनी सुरुवातीला तब्येतीचं कारण सांगून पाहिलं, तर लोक शुगर किती आहे ते विचारू लागले. पर्यावरणाचं सांगून पाहिलं, तर लोकांनी नुसतंच बघितलं.

मी म्हणालो, “दाजी, एक गाडी घेऊन टाका. हप्त्यावर मिळती.”

“घेतंय कोणीबी,” दाजी म्हणाले. “बनवतंय कोण?”

हे ‘बनवणं’ त्यांच्या डोक्यात मोबाईलनं घातलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चारचाकी तयार केली, ती मोटारसायकलला मारतात तशी किक मारून चालू व्हायची. आनंद महिंद्रांनी ते बघितलं, आणि ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, तेव्हा ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या, असं कळवलं. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांच्या दारात खरंच बोलेरो आली. महाराष्ट्रात हा प्रसंग वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या अर्थानं घेतला. कोणी म्हणालं प्रतिभेची कदर, कोणी म्हणालं जाहिरात. दाजींनी त्यातून विनिमयाचा दर काढला. चारचाकी जुगाडाला बोलेरो, तर दुचाकी जुगाडाला किमान स्कूटर तरी यायला पाहिजे.

सायकल होती अ‍ॅटलस. लग्नात घड्याळ, अंगठी आणि सायकल असा आहेर झाला, त्यातलं घड्याळ बंद पडलं, अंगठी बोटात जाईना, सायकल राहिली. अ‍ॅटलस कंपनी १९५१ ची, सोनीपतची. तिचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो दिवस होता ३ जून २०२०, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिन. ही जुनी बातमी उशिरा वाचनात आली, तेव्हा दाजी दिवसभर गप्प होते. संध्याकाळी त्यांनी सायकलला तेल दिलं आणि जाहीर केलं, “आता ही इकायची नाही. हिला इंजिन बसवायचं.”

कंपनी बुडाल्यावर तिच्या सायकलला इंजिन लागतं, हा तर्क मला अजून लागलेला नाही.

सायकलला इंजिन बसवणं हे काही वेडेपण नाही, हे इथे सांगायला पाहिजे, कारण आमच्या घरात तेव्हा सगळ्यांचं मत तेच होतं. १९४६ साली जपानमधल्या हामामात्सु गावात सोइचिरो होंडांनी हेच केलं. युद्ध संपलं होतं, पेट्रोल मिळत नव्हतं, रेल्वे माणसांनी फुटलेली. लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं बेवारस पडली होती, ती त्यांनी सायकलला लावली. पेट्रोलच्या टाकीसाठी थंडीत पाय शेकायची गरम पाण्याची बाटली घेतली. आणि पहिल्यांदा गावातून फिरवायला बसवलं ते बायकोला, साची यांना. त्या फेरी मारून आल्या तेव्हा त्यांची चांगली विजार तेलानं बरबटलेली होती. असलं काही विकाल तर गिऱ्हाईक भांडायला येईल, असं त्यांनी नवऱ्याला तिथल्या तिथे सुनावलं. पुढे १९५२ मध्ये होंडांनी ‘कब एफ’ नावाचं तयार इंजिन काढलं, पांढरी टाकी, लाल इंजिन. ते सायकलच्या मागच्या चाकाला लागायचं. जपानभरच्या पन्नासेक हजार सायकल दुकानदारांना पत्रं पाठवून ते विकलं. आज जगभर रस्त्यावर जो होंडाचा कारभार दिसतो, त्याच्या मुळाशी एक सायकल, एक शेकायची बाटली आणि एका बाईची खराब झालेली विजार आहे.

मी हे आक्काला सांगितलं. आक्का म्हणाली, “मग त्यांनी काय केलं? इंजिन काढलं का?”

“नाही आक्का. सुधारलं.”

“आमच्याकडं सुधारायचं नाव नाही, आणि बसून मी बघणार नाही. माझ्या पाय शेकायच्या पिशवीला कुणी हात लावायचा नाही.”

किट आलं. कुठून मागवलं ते सांगत नाही, खोक्यावर नाव तसंही धड नव्हतं. वर ‘८० सीसी’ छापलेलं. असल्या किटांतलं इंजिन मोजलं तर साठ-सत्तरच्या मधेच कुठेतरी भरतं, हे दाजींना नंतर कळलं. पण मापात थोडं कमी येणं याची आपल्याला सवय असते, त्याचं काही वाटलं नाही. खोक्यात टू-स्ट्रोक इंजिन, दोनेक लिटरची टाकी, सायलेन्सर, एक जादा चेन, एक जादा दातेरी चक्र, क्लचची मूठ, एक्सिलेटर आणि मूठभर बोल्ट. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, पण ते इंग्रजी इंग्रजांनाही कळलं नसतं. दाजींनी ते पूजेच्या पोथीत ठेवलं.

बसवायला मिस्त्रीकडे नेलं. आमचा मिस्त्री ट्रॉल्यांना वेल्डिंग करतो, त्यामुळे एका माणसाच्या दोन हातांनी उचलली जाणारी कुठलीही वस्तू त्याला खेळणं वाटते. त्यानं इंजिन फ्रेमच्या त्रिकोणात ठेवून बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, “बसतंय की. काय आवघड हाय?” हे वाक्य मराठवाड्यात कुठल्याही कामाच्या सुरुवातीला म्हणायची पद्धत आहे.

आवघड होतं ते मागच्या चाकात. किटमधलं दातेरी चक्र चाकाच्या तारांनाच आवळायचं असतं. आतून-बाहेरून रबराच्या चकत्या, मधे तारा, आणि नऊ बोल्ट. नऊ का? तर ज्या देशांसाठी हे किट बनलं तिथल्या सायकलच्या चाकाला छत्तीस तारा असतात. दर चार तारांमागे एक बोल्ट, हिशेब बरोबर. आपल्या काळ्या, दांडीच्या, अठ्ठावीस इंची सायकलीला पुढे बत्तीस तारा असतात आणि मागे चाळीस. इंग्रजांच्या काळापासून हा घाट आहे: मागे कॅरिअरवर पोतं, पोत्यावर पोरगं, म्हणून मागे आठ तारा जास्त. चाळीसला नऊनं भागलं की चार उरतात. बोल्ट बरोबर तारेवर येतो.

मिस्त्रीनं दाजींकडे बघितलं. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी भूमितीत कच्चा.

“चार तारा काढून टाकू,” मिस्त्री म्हणाला. “चाळीसमधल्या चार काढल्या तर कळणार बी नाही.”

चाकाला कळलं. बोल्ट आवळले तसा चाकानं आउट धरला, फिरवलं की मडगार्डला एकदा घासायचं आणि एकदा नमस्कार करायचं. मग सायकल दुकानात नेऊन आउट काढला. तिथला म्हातारा कारागीर बोटाला थुंकी लावून एकेक तार वाजवून बघतो, सूर जुळला की पुढची. त्यानं मागचं चाक वाजवलं, थांबला आणि विचारलं, “चार सूर कुठं गेले?”

दुसरी भानगड ब्रेकची. आपल्या सायकलीचे ब्रेक दांडीचे, वायरचे नव्हेत. मागच्या ब्रेकची लोखंडी काडी फ्रेमच्या तिरक्या नळीखालून मागे जाते, आणि त्याच नळीवर इंजिनाची पुढची पट्टी आवळावी लागते. दोघांना एका जागी राहता येईना. मिस्त्रीनं त्यातल्या दुबळ्याला काढलं.

“मागचा ब्रेक कशाला पाहिजे? पुढं हाय ना एक.”

मला शाळेतलं एवढं आठवत होतं की वेग तिप्पट झाला की गाडी थांबवायला नऊपट जोर मोडावा लागतो. पायानं ताशी बारा-पंधरा किलोमीटर जाणारी सायकल इंजिनानं चाळीस-पंचेचाळीसनं पळणार, म्हणजे नऊपट काम, आणि ब्रेक निम्मे. त्यात पावसात लोखंडी रिमवर रबर घसरतं, तेव्हा ब्रेक दाबणं ही निव्वळ प्रार्थना. मी हे बोलून दाखवलं. मिस्त्री म्हणाला, “सायेब, पाय हायत की.”

आणि इथे मी या लेखाच्या मुद्द्यापाशी येतो. मिस्त्रीनं मग पायडलही काढायला घेतलं. इंजिन बसल्यावर पायडलचं काय काम? उगीच पाय अडकतात. दाजी इतक्या वेळात पहिल्यांदा ठाम बोलले. “पायडल काढायचं नाही.”

त्यांना कारण सांगता आलं नाही. मला ते नंतर सापडलं. सायकलला इंजिन लावणाऱ्या शहाण्या माणसांची सगळी परंपरा हीच आहे: इंजिनावर बोलायचं मोठमोठं, आणि विश्वास ठेवायचा पायडलवर. होंडांनी पायडल ठेवलं. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकनं लूना आणली, पन्नास सीसीची, तिला पायडल होतं. जाहिरातीत ‘चल मेरी लूना’ म्हणायचे. हे वाक्य मला लहानपणी विनवणी वाटायचं, आणि लूना ज्यांनी वापरली त्यांना ते तसंच वाटत असणार. माझ्या पिढीतल्या ज्यांच्या घरी लूना होती, त्या प्रत्येकानं वडिलांना एकदा तरी भर बाजारातून पायडल मारत लूना घरी आणताना बघितलं आहे, आणि तेव्हा आपण त्यांना ओळखत नाही असा चेहरा केला आहे. लूनाचं पायडल हा कंपनीनं दिलेला कबुलीजबाब होता. गाडी तुमची, इंजिन आमचं, जबाबदारी पायांची.

याच राज्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशींनी हा विचार पार शास्त्रापर्यंत नेला. सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाचा ऊर फुटतो, म्हणून त्यांनी रिक्षाचा सांगाडा सुधारला, आणि एका नमुन्यात पायडल तसंच ठेवून त्याला मोटारीची जोड दिली. चढ आला, वारा आला, ओझं आलं की मोटर हात देणार, एरवी माणूस आणि त्याचं पायडल. राजवंशींना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे त्याच वर्षी एकाला बोलेरो आणि एकाला पद्मश्री. दाजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “पद्मश्रीला पेट्रोल लागत नाही, हे एक बरं हाय.”

पायडलचं महत्त्व पहिल्याच सकाळी कळलं. असल्या इंजिनाला किक नसते, बटण नसतं. क्लच दाबून धरायचा, पायडल जोरात मारायचं, सायकल चांगली पळायला लागली की क्लच सोडायचा, मग इंजिन चालू होतं. नीट विचार करा. पायडल मारावं लागू नये म्हणून आणलेलं इंजिन चालू करायला, दाजींना साध्या सायकलवर कधी मारावं लागलं नव्हतं तेवढं पायडल मारावं लागत होतं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दाजी, उभं राहून, घामाघूम, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर लोक. पूर्वी चेन फक्त उजवीकडे होती म्हणून उजव्या पायजम्याला रबर लावायचे. आता डावीकडे इंजिनाची चेन आली, तेव्हा दोन्हीकडे रबर. असा दोन्ही पाय आवळलेला साहेब गल्लीतून पळतो आहे, आणि एकदम ढर्रऽऽ.

आवाज झाला, मागून निळा धूर आला, आणि गल्लीत धडाधड खिडक्या बंद झाल्या. कोणीतरी ओरडलं, “पोरांनो, आत या, नगरपालिकेची डासाची मशीन आली.” पोरं आत जायच्याऐवजी बाहेर आली आणि धुरात नाचत दाजींच्या मागं स्टेशनापर्यंत पळत गेली. धुरानं डास मेले की नाही ते माहीत नाही, पण त्या आठवड्यात वॉर्डातल्या दोघांनी नगरसेवकाचे आभार मानले.

धूर टू-स्ट्रोकचा. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं, सुरुवातीला जास्त, मग कमी. पूर्वी प्रत्येक पेट्रोल पंपावर टू-टी ऑईल द्यायचं छोटं यंत्र असायचं, चेतक आणि लूनावाल्यांसाठी. आता ते शोधून सापडत नाही. दाजी ऑईलची बाटली घरी ठेवतात आणि आक्काच्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजतात. त्या झाकणानं नंतर एकदा आक्कानं औषधही घेतलं. खोकला थांबला. बोलणंही दोन दिवस थांबलं.

स्टेशनबाहेर सायकली-गाड्या ठेवून घेणारा एक म्हातारा आहे. सायकलला एक दर, मोटारसायकलला दुसरा. दाजींनी पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे सायकलचे पैसे पुढे केले. म्हातारा उठला, सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली, टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

“पेट्रोल हाय. गाडीचा दर.”

“अहो बाबा, पायडल बघा.”

“पायडल लूनाला बी व्हतं. लूनाचा कधी सायकलचा दर घेतला नाही.”

यावर दाजींकडे उत्तर नव्हतं. त्यांनी गाडीचा दर दिला. पण मी बघत होतो, म्हाताऱ्यानं चिठ्ठीवर ‘मोसा’ लिहिल्यावर दाजींचा चेहरा उजळला. ती चिठ्ठी त्यांनी पाकिटात, आक्काच्या फोटोच्या पुढे ठेवली.

कायदा आला तो चहाच्या टपरीवर. परतुरात सगळे कायदे तिथेच येतात. एक वकीलसाहेब रोज तिथं बसतात. त्यांनी सायकलकडे बघून विचारलं, “दाजी, एमएच एकवीस नंबर कुठंय हिचा?”

“सायकलला नंबर असतो व्हय?”

“सायकलला नसतो. हिला असतो.” आणि मग वकीलसाहेबांनी फुकट सल्ला दिला, जो आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर होता. १९८८ चा मोटार वाहन कायदा मोटार वाहन कशाला म्हणायचं ते सांगतो, आणि त्यातून चारपेक्षा कमी चाकांची आणि पंचवीस सीसीपेक्षा जास्त नसलेल्या इंजिनाची वाहनं वगळतो. पंचवीस सीसीच्या आत असाल तर तुम्ही मोटार वाहन नाहीच. नोंदणी नको, नंबर नको, लायसन नको. पंचवीसच्या वर गेलात की सगळं पाहिजे, आणि घरी बनवलेल्या गाडीला ते मिळायचं तर मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून आणावी लागते.

“तुमचं किती हाय?”

दाजी खोक्यावरच्या ‘८० सीसी’ला पहिल्यांदाच लाजले.

पंचवीस सीसी म्हणजे किती? औषधाच्या दहा मिलीच्या झाकणानं अडीच झाकणं. एवढ्या पोकळीत स्फोट झाले तर तो सरकारला ऐकू येत नाही. बॅटरीवाल्यांसाठीही असाच नियम आहे, तिथे मोटर अडीचशे वॉटच्या आत आणि वेग ताशी पंचवीसच्या आत हवा. दिल्लीत कोणाला तरी पंचवीसचा पाढा फार आवडत असणार. भाचा म्हणालाच, “बाबा, बॅटरीचं किट घ्या, चाकातच मोटर येते, धूर नाही, आवाज नाही.” दाजी म्हणाले, “आवाज नाही तर लोकांला कळणार कसं?” हा आक्षेप मला शास्त्रीय वाटला. शिवाय चार्जिंग लावून ठेवावं आणि पहाटे लाईट जावी, हा आमचा रोजचा अनुभव. पेट्रोल निदान भारनियमनाच्या वेळापत्रकावर चालत नाही.

मग पंचवीस सीसीचं पेट्रोल इंजिन शोधायचं ठरलं. ते शोधायला लांब जावं लागलं नाही. दाजींच्या धाकट्या भावाच्या शेतावर, आखाड्यात, खुंटीला टांगलेलं होतं. पाठीवरचा फवारणी पंप. कापूस-सोयाबीनच्या आमच्या पट्ट्यात असा पंप बहुतेक आखाड्यांत असतो, आणि त्याचं इंजिन नेमकं याच मापाचं. दाजींनी भावाला न विचारता पंप आणला, आणि स्टिकर वाचलं. २५.६ सीसी.

सहा दशांशानं घात केला. वकीलसाहेब म्हणाले, कायद्यात ‘जास्त नसलेलं’ असं आहे, सहा दशांश जास्त म्हणजे जास्तच. दाजी दोन दिवस विचार करून आले. “आतमधी काजळी बसती ना? जुनं इंजिन हाय. काजळीनं तेवढी जागा भरली असंल.” तिथं बसलेले विज्ञानाचे एक सर म्हणाले की सीसी म्हणजे पिस्टन जेवढी जागा झाडून काढतो ती, काजळी वर बसते, तिनं माप बदलत नाही. त्या दिवशी टपरीवर पिस्टन, काजळी आणि न्याय यांवर दुपारपर्यंत चर्चा चालली. वकीलसाहेबांचा अंतिम अभिप्राय असा पडला: “पकडलं तर कोर्टात पिस्टन हजर करू.”

या वेळी चेन नाही, चक्र नाही. इंजिन कॅरिअरवर ठेवायचं आणि त्याच्या दांड्यावरचा रोलर सरळ मागच्या टायरला टेकवायचा. रोलर फिरला की टायर फिरतो. फ्रान्समध्ये १९४६ पासून वेलोसोलेक्स याच रीतीनं चालायची, तिथे रोलर पुढच्या चाकावर असे. बोटभर जाडीचा रोलर, मिनिटाला सहा-सात हजार फेरे. हिशेबानं ताशी तीस किलोमीटरच्या आसपास. मागचा ब्रेकही परत बसला, कारण इंजिन आता फ्रेममध्ये नव्हतं. कारागिरानं चार सूर परत लावले. रोलरला जागा हवी म्हणून मागचं मडगार्ड मात्र कापलं.

मडगार्ड कापल्याची बातमी पहिल्या पावसानं दिली. आमची जमीन काळी. ओली झाली की ती टायरला धरते, टायरवरून चिमट्यात जाते, आणि चाक फिरायचं बंद होतं. इथल्या माणसानं पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेतलेली पाहून बाहेरगावच्या लोकांना हसू येतं. ती रानातून आलेली असते. दाजींचा रस्ता डांबरी होता, पण कडेकडेनं चिखल येतोच. ओल्या टायरवर रोलर नुसता घसरायचा, इंजिन ओरडायचं, सायकल जागची हलायची नाही. आणि मडगार्ड नसल्यानं टायरवरचा चिखल उडून इस्त्रीच्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत एक काळी सरळ रेघ. जालन्याच्या ऑफिसात त्यांना त्या दिवसांत पाठमोरं कोणी ओळखायला चुकलं नाही. आक्कानं शर्ट धुताना जे म्हटलं ते हामामात्सुच्या साचीबाईंच्या म्हणण्याशी अगदी जुळतं होतं, फक्त शब्द जास्त होते.

त्या पावसात दाजींनी रोलर वर उचलून बांधला आणि पायडल मारलं. इंजिन कॅरिअरवर, दाजी सीटवर, पाय पायडलवर. रोजची गाडी त्यांना मिळत होती. आमचा रेल्वेमार्ग एकेरी आहे, समोरची गाडी क्रॉसिंगला आली की आपली थांबते, त्यामुळे परतुरात घाईनं स्टेशनवर जाणं हा तसाही छंदाचा भाग आहे.

मग भादव्यात भावाचा फोन आला. ऐन दुपारी, दाजी ऑफिसात, स्पीकर चालू.

“दादा, कपाशीवर तुडतुडे पडलेत. पंप कुठंय?”

“हाय. वापरात हाय.”

“वापरात? तुम्ही कशावर फवारायलात?”

दाजी त्या रविवारी इंजिन घेऊन शेतावर गेले. पंपाचा मूळ भाग परत जोडायला निम्मा दिवस गेला, एक वॉशर सापडेना, शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून वॉशर केला. तो पंप अजून चालतो, आणि भाऊ सांगतो की आता जास्त जोरानं फवारतो. ‘८० सीसी’चं किट मिस्त्रीनं घेतलं, रसवंतीवाल्याला काहीतरी करून देतो म्हणाला, उन्हाळ्यात कळेल.

सायकल परत पायडलवर आली. कॅरिअरवर रिकामं फळकूट, फ्रेमवर टाकी तेवढी राहिली, कारण ती काढली तर रंग उडालेला दिसतो. स्टेशनबाहेर दाजींनी सायकल लावली आणि सायकलचे पैसे काढले. म्हाताऱ्यानं टाकीकडे बोट दाखवलं.

“बाबा, इंजिन काढलं. झाकण उघडून बघा, वास बी नाही.”

म्हातारा उठायचा कंटाळा करत म्हणाला, “टाकी हाय ना? मग मी काय लिव्हू?”

मी पुढे होऊन भांडायच्या तयारीत होतो. दाजींनी माझा हात धरला, खिशातून वरचे पैसे काढले आणि म्हाताऱ्याला म्हणाले, “लिवा ‘मोसा’. पण जरा मोठ्या अक्षरात लिवा.”